दुकान ‘बंद’ ठरविण्याचा अधिकार

मराठी व्यापारी रात्री दुकान ‘बंद’ करीत नाही. तो ते ‘वाढवतो’. चालत्या धंद्याला ‘बंद’ हा शब्द लागू नये, म्हणून भाषेने काढलेली ही तोड आहे. कोणी तिला भाबडी समजूत म्हणेल. परंतु व्यापार मालाइतकाच विश्वासावर चालतो आणि ‘अमक्याचे दुकान बंद झाले’ एवढे चार शब्द बाजारात फिरले तरी चांगले चालणारे दुकान डबघाईला येऊ शकते, हा पिढ्यांचा अनुभव तिच्या मुळाशी आहे. आज तो शब्द उच्चारण्याचे सामर्थ्य मोबाइलवरील नकाशाला आले आहे. दुकानाच्या नावाखाली ‘कायमचे बंद’ असा शेरा उमटतो. दुकान उघडे असते, तराजू चालू असतो, मालक गल्ल्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक मात्र हळूहळू कमी होत जाते आणि त्याचे कारण मालकाला कळत नाही.

हा शेरा येतो कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. एके काळी नकाशा हा मुख्यतः सरकारी मोजणीचा विषय होता. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे नद्या, डोंगर, रस्ते आणि गावे दाखवीत. कोणत्या पेठेतील कोणते दुकान चालू आहे, याविषयी ते मौन पाळीत. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये लोकसहभागातून नकाशा तयार करण्याचा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा उपक्रम सुरू झाला. २००५ मध्ये ‘गूगल मॅप्स’ आले आणि २००८ मध्ये ‘मॅप मेकर’ या साधनाद्वारे त्या कंपनीने सामान्य माणसाला नकाशात भर घालण्याची मुभा दिली. २०१५ मध्ये कोणा खोडसाळाने पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या भूभागावर एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोधचिन्हाची विटंबना करणारी आकृती रेखाटली व ती नकाशात झळकली, तेव्हा हे साधन काही काळ थांबवावे लागले. २०१७ मध्ये ते कायमचे बंद झाले. परंतु दुरुस्ती सुचविण्याची सोय मुख्य नकाशात राहिली. त्यामुळे कोणीही वाटसरू ‘हे ठिकाण बंद झाले आहे’ असे कळवू शकतो. कंपनीची यंत्रणा ती सूचना स्वीकारते किंवा नाकारते. कोणी कळविले आणि कशाच्या आधारे मानले, हे नकाशा पाहणाऱ्याला दिसत नाही.

ही व्यवस्था मुळातच वाईट आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिश हायेक यांनी १९४५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, स्थळकाळाचे बारीकसारीक ज्ञान कोणत्याही एका मध्यवर्ती कचेरीत गोळा होऊ शकत नाही. ते असंख्य माणसांत विखुरलेले असते. कोणत्या गल्लीतील पिठाची गिरणी उठून गेली, हे त्या गल्लीतल्या माणसालाच ठाऊक असते. शिवाय ज्याचा धंदा खरोखरच बुडाला, त्याला ती वार्ता नकाशावाल्यांना कळविण्यात कसलेच स्वारस्य नसते. तेव्हा लोकांच्या मदतीवाचून असा नकाशा ताजा राहूच शकणार नाही. वाद लोकांनी माहिती द्यावी की नाही, हा नाही. एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याच्या उपजीविकेवर शेरा मारण्यापूर्वी किती पुरावा मागावा, हा आहे.

या ठिकाणी दोन प्रकारच्या चुका संभवतात आणि त्यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. पहिली चूक म्हणजे बंद झालेले दुकान चालू दाखविणे. तिच्यामुळे दहावीस गिऱ्हाइकांचा एकेक हेलपाटा वाया जातो. नुकसान होते, पण ते अनेकांत वाटले जाते. शिवाय ज्याचे होते त्याला ते तत्काळ कळते आणि तो तक्रारही करतो. दुसरी चूक म्हणजे चालू दुकान बंद दाखविणे. तिचा सारा भार एकाच माणसावर पडतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आलेले गिऱ्हाईक खातेवहीत दिसते. न आलेले गिऱ्हाईक कोणत्याही वहीत दिसत नाही. मंदी आली असेल, नवे मॉल झाले म्हणून असेल, अशी कारणे दुकानदार शोधीत बसतो. पहिली चूक स्वतःच स्वतःला उघडे पाडते, दुसरी स्वतःला लपविते. म्हणूनच दोन्हींना एकच माप लावणे चुकीचे आहे.

अशा चुका होण्यास दुष्ट हेतूच लागतो असे नाही. पुण्याच्या जुन्या पेठांतील दुपारची विश्रांती हा विनोदाचा विषय झाला असला, तरी एक ते चार या वेळात परगावाहून आलेल्या माणसाला तेथे शटर खाली ओढलेले दिसले, तर ‘बंद’ या शब्दाचे दोन अर्थ तो सहज एक करून टाकतो. साप्ताहिक सुट्टी, सुतक, गावची जत्रा, मालकाचे आजारपण, रस्त्याच्या कामामुळे चार महिने शेजारच्या गाळ्यात हलविलेले दुकान, या सगळ्यांचा नकाशावरील परिणाम एकच होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी ‘तात्पुरते बंद’ अशी वेगळी नोंद करण्याची सोय कंपनीने दिली, ती योग्यच होती. पण ती नोंद पुढे काढून टाकण्याचे काम मालकाचे, आणि आपल्या नावापुढे असे काही लिहिले आहे, हेच अनेक लहान दुकानदारांना ठाऊक नसते. त्यांची नोंद मुळात दुसऱ्याच कोणी केलेली असते. ती स्वतःच्या ताब्यात घेता येते, याची त्यांना कल्पनाही नसते.

याच्या जोडीला दुष्ट हेतूही असतो. अमेरिकेत सप्टेंबर २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चालू असलेल्या दुकानांवर ‘बंद’ असे शेरे कसे मारले जातात, याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच महिन्यात माउंटन व्ह्यू येथील खुद्द गूगलच्या कार्यालयाची नोंदही ‘बंद’ अशी झाली होती. त्या कार्यालयाचे काही बिघडले नाही, हे सांगावयास नको. व्हर्जिनियातील ग्रेट फॉल्स येथील ‘सर्बियन क्राउन’ या उपाहारगृहाची कथा मात्र वेगळी झाली. सुमारे चाळीस वर्षे चाललेले हे उपाहारगृह २०१३ मध्ये मिटले. शनिवार, रविवार आणि सोमवार या दिवशी ते बंद असते, अशी खोटी नोंद नकाशात झाल्याने ऐन गर्दीचे दिवस ओस पडले, असा मालकाचा आरोप होता आणि त्यासाठी तो गूगलविरुद्ध न्यायालयात गेला. आरोप संपूर्णपणे खरा होता की धंदा बसण्याची अन्य कारणेही होती, याविषयी मतभेद संभवतात. पण मतभेद संभवतात, हेच या अन्यायाचे लक्षण आहे. न आलेल्या गिऱ्हाइकाला साक्षीसाठी उभे करता येत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये स्वतःला खरे करून दाखविणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी बँकेचा दाखला दिला होता. सुस्थितीतील बँक बुडणार, अशी अफवा उठते, ठेवीदार धावतात आणि बँक खरोखरच बुडते. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत एका मोठ्या खाजगी बँकेबाबत अशी अफवा पसरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पुढे येऊन लोकांना दिलासा दिला. बँकेच्या बाबतीत निदान घाबरलेली माणसे दारात येतात. रांग दिसते, आणि दिसणाऱ्या संकटावर इलाज करता येतो. दुकानाच्या बाबतीत अफवेचे स्वरूपच असे की, दारात कोणी येत नाही. आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या पाठीशी उभी राहणारी रिझर्व्ह बँकही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. व्यवसाय संपल्याची नोंद आपल्याकडे कोण्या वाटसरूच्या सांगण्यावरून होत नाही. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात धंदा बंद केल्याचे कळविण्याची जबाबदारी मालकावर आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४८ अन्वये निबंधकाला एखाद्या कंपनीचे नाव पटावरून काढावयाचे असेल, तर कंपनीला व तिच्या संचालकांना नोटीस द्यावी लागते, म्हणणे मांडण्यासाठी तीस दिवस द्यावे लागतात आणि अखेर राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. शासनाला जी घाई करण्याची मुभा नाही, ती एका खाजगी कंपनीच्या नकाशाला का असावी? याचे उत्तर मध्यस्थांना कायद्याने दिलेल्या संरक्षणात आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातील कलम २३० हे संरक्षण देते. कुलूप दुरुस्त करणाऱ्यांनी नकाशावरील बनावट नोंदींविरुद्ध केलेला दावा २०१९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने याच कलमाच्या आधारे टिकू दिला नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ तसेच संरक्षण देते. मात्र २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यावरील अपील समित्याही स्थापन केल्या. दार आहे, पण शिरूरचा किंवा सावंतवाडीचा दुकानदार त्या दारापर्यंत पोहोचेल कसा?

शिवाय टपाल पोहोचविणाऱ्याला जो न्याय, तो येथे तंतोतंत लागू पडत नाही. पोस्टमन पत्र वाचीत नाही. येथे कंपनी सूचना वाचते, निवडते आणि अखेर आपल्याच अक्षरांत आपलाच शेरा लिहिते. नकाशा पाहणारा त्या शेऱ्यावर विश्वास ठेवतो तो अज्ञात वाटसरूच्या नव्हे, तर कंपनीच्या नावामुळे. ‘सेवा फुकट आहे, चूकभूल चालवून घ्यावी’ हा युक्तिवादही लंगडा आहे. सेवा पाहणाऱ्याला फुकट आहे, कंपनीला तीतून जाहिरातींचे उत्पन्न आहे, आणि चुकीची किंमत मोजतो तो या व्यवहारात नसलेला तिसराच माणूस. अपघाताचा खर्च ज्याला तो सर्वांत स्वस्तात टाळता येतो त्याच्यावर टाकावा, हे सूत्र गिदो कालाब्रेसी या कायदेपंडितांनी १९७० मध्ये मांडले. येथे तो कोण, हे उघड आहे.

उपायही फार दूरचे नाहीत. ‘कायमचे बंद’ हा शेरा मारण्यापूर्वी नोंदीतील दूरध्वनी क्रमांकावर विचारणा व्हावी. वेळा विचारण्यासाठी यंत्राच्या आवाजात दुकानांना दूरध्वनी करण्याचे तंत्र या कंपनीने २०२० मध्ये वापरले आहे. तेव्हा ते अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. उत्तर येईपर्यंत ‘बंद असल्याचे कळविण्यात आले आहे, खातरजमा बाकी’ एवढेच लिहावे. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदल कोणत्या खात्यावरून आणि केव्हा झाला, याचा इतिहास कोणालाही पाहता येतो आणि चुकीचा बदल उलटविता येतो. ही पद्धत इतरांनीही स्वीकारावी. मालकाने तक्रार करताच शेरा आधी काढावा, चौकशी मागाहून करावी, आणि ती तक्रार मराठीत, दूरध्वनीवरून करता यावी. व्यापारी संघांनी आपल्या सभासदांच्या नोंदी तपासण्याचे काम अंगावर घेतले, तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यात सामील करून घेता येईल. एक पेठ तपासावयास एक दुपार पुरे. फक्त ती एक ते चारची नसावी.

मात्र सारा दोष कंपनीच्या माथी मारून भागणार नाही. ज्यांना आपण ‘लोक’ म्हणतो ते कोणी परके नाहीत. कचेरीतून परतताना शटर खाली पाहून कळ दाबणारा कारकून, सहलीला गेलेला शिक्षक, मोबाइलवर गुण मिळविण्यासाठी दुरुस्त्या सुचविणारा विद्यार्थी, हेच ते लोक. न्यायालयात साक्ष देताना माणूस दहा वेळा विचार करतो, कारण समोर आरोपी उभा असतो. नकाशावर साक्ष देताना समोर कोणी नसते, म्हणून ती साक्ष ठरत नाही असे नाही. शेजारच्या दुकानात ‘हे कधी उघडतात हो?’ असे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून तेवढा वेळ खर्च करणे, ही त्या कळीची किमान किंमत मानली पाहिजे.