गांभीर्याचे पहारेकरी

शेक्सपिअरच्या नाटकांवरून निघालेल्या हिंदी चित्रपटांविषयी तरुण मंडळींच्या गप्पा रंगल्या, की आमच्यातील कित्येक विद्वानांच्या कपाळास आठ्या पडतात. 'ओंकारा' (२००६) पाहून ही मंडळी ऑथेल्लोच्या शोकाऐवजी विडीच्या गाण्यावर बोलतात. 'हैदर' (२०१४) पाहून हॅम्लेटला सोडून त्यातील दोन सलमानांच्या नकला करतात. ही महाकवीची विटंबना होय, असा या विद्वानांचा निवाडा आहे. तो आम्हांस सपशेल नामंजूर आहे. आणि त्याविरुद्ध आम्ही साक्षीदार उभा करणार तो खुद्द हॅम्लेटच!

आक्षेपक म्हणतील, हॅम्लेट तर आमच्याच बाजूचा. विदूषकांनी पदरची वाक्ये घालून प्रेक्षकांस हसवू नये, असे तिसऱ्या अंकात तो नटांना बजावतो. खरे आहे. परंतु आदल्याच अंकात हा उपदेशक कसा वागतो, तेही पाहावे. नाटकमंडळी येताच पित्याच्या मृत्यूने खचलेला हा राजपुत्र एकाएकी खुलतो. एका नटाला दाढी फुटली म्हणून, स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाची उंची वाढली म्हणून तो त्यांची थट्टा करतो. शहरात बालनटांची चलती झाल्याची बातमी चवीने ऐकतो. आणि बहुजनांस न रुचलेल्या एका नाटकातील भाषण तोंडपाठ म्हणून दाखवतो. गप्पा, थट्टा आणि पाठांतर! रसिक म्हणतात तो याहून निराळा कोण?

पाचव्या अंकात तर थडगे खणणारा गाणे म्हणत व कोट्या करत फावडे चालवतो, आणि ते थडगे असते ओफेलियाचे! गीत, विनोद व मरण यांची मोट शेक्सपिअरने स्वतःच बांधली आहे. 'हैदर'मध्ये थडगी खणणारे म्हातारे गातात, ते दिग्दर्शक विशाल भारद्वाज यांचे स्वैर वर्तन नसून मूळ नाटकाशी राखलेले इमान होय. सलमानांचेही तसेच. रोझेनक्रान्त्झ व गिल्डनस्टर्न यांच्या जागी आलेले हे दोघे १९९५ च्या काश्मीरात व्हिडिओचे दुकान चालवतात आणि सलमान खानवर लट्टू असतात. आपण त्यांना मनमुराद हसतो. आणि तेच हैदरवर पाळत ठेवणारे निघाले, की ते हसू घशातच अडकते. जो आधी हसलाच नाही, त्याला हा धक्का बसावा कसा?

आमच्या रंगभूमीचा दाखलाही हाच आहे. आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ साली छापले गेले. परंतु मराठी प्रेक्षकांच्या मनात हॅम्लेट ठसला तो शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्याला रंगभूमीवर उभे केले तेव्हा. नटावर लुब्ध होणाऱ्या प्रेक्षकाला त्या काळी कोणी दारातच अडवले असते, तर तो ग्रंथ विद्वानांच्या कपाटातच राहता.

गाण्यापलीकडे ज्यांची दृष्टी जातच नाही, त्यांचे कौतुक आम्ही करीत नाही. परंतु त्यांची दृष्टी पुढे जावी, याला उपाय दटावणे हा खचित नव्हे. अशा दटावणीने मुले गाणे सोडीत नाहीत. ती शेक्सपिअरला मात्र सोडतात, आणि मग तो केवळ परीक्षेपुरता उरतो. तस्मात् घरातील मुले सलमानांची नक्कल करू लागली, तर वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हाती 'हॅम्लेट'चा दुसरा अंक द्यावा, आणि वाचताना आपणही शेजारी बसून हसावे.