अंगणवाडी बंद असली तरी मुलाचा हक्क सुरू असतो: शहरी वस्त्यांसाठी महामारीचा धडा

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. रेशन दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून सुरू राहिली. अंगणवाड्या मात्र बंद झाल्या. मोठ्या माणसांना हा फरक लहान वाटेल, पण सहा वर्षांखालील मुलासाठी तो फार मोठा होता. रेशन घराला मिळते. अंगणवाडीतला आहार, दरमहा होणारे वजन आणि लसीची आठवण या गोष्टी थेट मुलासाठी असतात. त्यामुळे महामारीत ज्या घरांपर्यंत मदत पोहोचली, तिथेही ती लहान मुलापर्यंत पोहोचलीच असे म्हणता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील झोपडपट्ट्यांत सुमारे ६.५ कोटी लोक राहत होते आणि त्यांत सहा वर्षांपर्यंतची सुमारे ८१ लाख मुले होती. अशा वस्तीत, भाड्याच्या खोलीत किंवा बांधकामाच्या जागेवर मुले वाढवणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. त्या काळात नेमके काय घडले आणि पुन्हा पूर, साथ किंवा बंद आला तर आपल्या मुलाचा हक्क कसा टिकवता येईल, ते समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयाला योग्य असा आहार मोफत मिळाला पाहिजे. कलम ४ नुसार गरोदर महिलेला आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत मातेलाही हा आहार मोफत आहे. कलम ८ सांगते की ठरलेले धान्य किंवा आहार दिला गेला नाही, तर त्याबदल्यात राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. स्वस्त धान्यासाठी कायद्याने लाभार्थ्यांची मर्यादा ठरवली आहे: ग्रामीण भागात लोकसंख्येच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत. अंगणवाडीच्या आहाराला ही मर्यादा नाही. आपल्याकडे शिधापत्रिका नसेल, ती गावच्या पत्त्यावर असेल किंवा दुसऱ्या राज्याची असेल, तरी आपल्या मुलाचा अंगणवाडीतील हक्क कायम राहतो.

बंद काळात काय घडले?

टाळेबंदीनंतर काही दिवसांतच केंद्र सरकारने राज्यांना कळवले की अंगणवाडी सेविकांनी दर पंधरा दिवसांनी आहार लाभार्थ्यांच्या घरी पोहोचवावा. बऱ्याच ठिकाणी सेविकांनी हे काम केले, आणि त्याच वेळी घरोघरी कोरोनाचे सर्वेक्षणही केले. तरीही शहरी वस्त्यांत तीन अडचणी ठळकपणे दिसल्या.

पहिली अडचण यादीची. घरपोच आहार यादीतील मुलांनाच मिळतो. नुकतेच शहरात आलेले, खोली बदललेले किंवा अंगणवाडीत कधी नावच न घातलेले कुटुंब यादीच्या बाहेर राहते. खेड्यात सेविका सगळी घरे ओळखते. शहरात एकाच गल्लीत दर काही महिन्यांनी भाडेकरू बदलतात, आणि देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांपैकी बहुतांश ग्रामीण भागात आहेत.

दुसरी अडचण पातेल्याची. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळत असे. त्याऐवजी अनेक राज्यांत कोरडा शिधा घरी आला. अंगणवाडीत मूल स्वतःच्या ताटलीत जेवते. घरी आलेले डाळ-तांदूळ सगळ्यांच्या पातेल्यात जातात. रोजंदारी थांबलेल्या घरात याहून वेगळे काही होणे अवघडच होते आणि त्यासाठी आई-वडिलांना दोष देता येणार नाही. पण मुलाच्या वाट्याचा आहार मुलाच्या पोटात किती गेला, हे पाहणारे कोणी राहिले नाही. वजन घेणेही थांबल्यामुळे वाढ खुंटली असेल तर तेही वेळेवर कळले नाही.

तिसरी अडचण नावाची. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. हे धान्य शिधापत्रिकेवरील नावांप्रमाणे मिळत होते. समजा घरात आई, वडील आणि दोन मुले आहेत. चौघांची नावे असतील तर २० किलो, धाकट्याचे नाव चढवलेले नसेल तर १५ किलो. बाळ जन्मल्यावर नाव चढवायचे राहून गेले, तर प्रत्येक महिन्याला ५ किलोची तूट पडत राहिली.

अंगणवाड्या दीर्घकाळ बंद राहिल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने निर्देश दिले की ज्या राज्यांनी अंगणवाड्या उघडलेल्या नाहीत, त्यांनी प्रतिबंधित क्षेत्रे वगळून त्या उघडण्याचा निर्णय ३१ जानेवारीपर्यंत घ्यावा. केंद्रे बंद असतानाही आहार देण्याची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, हेही या प्रकरणातून स्पष्ट झाले.

चुकलेल्या लसीचा परिणाम

आहाराची तूट हळूहळू दिसते. लसीची तूट मात्र साथीच्या रूपाने एकदम समोर येते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलै २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, २०१९ मध्ये भारतात सुमारे १४ लाख मुलांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीची पहिली मात्राही मिळाली नव्हती. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ३० लाखांवर गेली.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडीसारख्या दाट वस्तीला तिची मोठी झळ बसली आणि काही बालके दगावली. भिवंडी आणि मालेगाव येथेही रुग्ण आढळले. साथ येण्यामागे दाटी आणि कुपोषण ही कारणे होतीच, पण महामारीत चुकलेले लसीकरण हेही एक कारण होते. त्यानंतर केंद्र सरकारने राज्यांना सांगितले की साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेला लसीची एक जादा मात्रा देण्याचा विचार करावा.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत दिली जाते. वेळ चुकली असेल तरी पाच वर्षांपर्यंत ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. ‘आता उशीर झाला’ असे समजून लस सोडून देऊ नका.

आईचे काम आणि मुलाची देखभाल

अंगणवाडी बंद होते तेव्हा आईच्या कामावरही परिणाम होतो. घरकाम करणारी किंवा बांधकामावर जाणारी आई मुलाला कोणाकडे ठेवणार? अनेक घरांत ही जबाबदारी मोठ्या बहिणीवर येते आणि तिचा अभ्यास मागे पडतो. मिशन शक्तीमधील ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरे आणि अंगणवाडीलाच जोडलेली पाळणाघरे चालवण्याची तरतूद आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यानुसार जिथे ५० हून अधिक महिला कामगार असत, तिथे मुलांसाठी खोलीची सोय करणे मालकाला बंधनकारक होते. आपल्या भागात किंवा कामाच्या ठिकाणी अशी सोय आहे का, याची चौकशी अंगणवाडीत किंवा मुकादमाकडे जरूर करा.

आज काय करून ठेवावे?

मुलाचे नाव तीन ठिकाणी असले, तर संकटाच्या काळात त्याला वगळणे कठीण होते.

१. शिधापत्रिकेवर: जन्म दाखला घेऊन बाळाचे नाव लवकर चढवा. सध्या या कायद्याखालील धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही सवलत वाढवली आहे. पत्रिका गावची असली तरी ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे शहरातील कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येते. घरच्यांनी काही धान्य गावात आणि आपण उरलेले शहरात घेणेही शक्य आहे. माहितीसाठी १४४४५ हा क्रमांक आहे.

२. राहत्या ठिकाणच्या अंगणवाडीत: खोली बदलली की नवीन अंगणवाडीत नाव नोंदवा. पोषण ट्रॅकरमध्ये नोंद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात, दुसऱ्या राज्यातही, हलवता येते. मुलाचे आधार कार्ड नाही म्हणून नाव नाकारले जाऊ नये; आईच्या आधारवर सेवा मिळू शकते.

३. माता-बाल संरक्षण कार्डावर: प्रत्येक लस आणि प्रत्येक वजन या कार्डावर लिहून घ्या. गावी जाताना कार्ड सोबत ठेवा.

आहार किंवा धान्य मिळत नसेल तर तारीख घालून लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. आधी बालविकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि तरीही उत्तर न आल्यास राज्य अन्न आयोग, असा हा क्रम आहे.

आपल्या वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवासी अंगणवाडीची मागणी करू शकतात. मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत ती सुरू व्हायला हवी. हा आदेश झोपडपट्ट्यांनाही लागू आहे. यासाठी मुलांची नावे आणि वये लिहिलेली यादी, पालकांच्या सह्या आणि एक अर्ज एवढेच लागते. अशी यादी करण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहण्याची गरज नाही. शेजारच्या चार घरांपासून सुरुवात केली, तरी चाळीस नावे व्हायला फार वेळ लागत नाही.