गावठाण नावाचा निसटलेला प्रदेश

अंधेरी पूर्वेला असूनही नावात ‘सांताक्रूझ’ मिरवणारी सीप्झ ही निर्यात वसाहत १९७३ साली उभी राहिली. तिच्या कुंपणाच्या आत एका जुन्या चर्चच्या भिंती आहेत. जेझुइटांनी १५७९ साली बांधलेले हे चर्च कोंडिवटे गावाचे. १८४०च्या सुमारास साथीने गाव उठले, वस्ती मरोळला सरकली आणि चर्चमधल्या कितीतरी वस्तू लोकांनी सोबत नेल्या. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, त्या छप्पर नसलेल्या भिंतींत मिस्सा होते. एरवी परवान्याशिवाय तिथे जाता येत नाही.

आपल्या समीक्षेचेही असेच एक कुंपण आहे. एका बाजूला ‘ग्रामीण’, दुसऱ्या बाजूला ‘महानगरीय’. ‘गोलपीठा’ (१९७२) एका कप्प्यात, ‘झोंबी’ (१९८७) दुसऱ्या. पण जिथे गाव शहराकडे गेले नाही, शहरच गावावर चालून आले, त्या मरोळसारख्या गावठाणाला कोणता कप्पा द्यायचा? तिथला माणूस स्थलांतरित नाही. तो घरीच आहे; बदलले ते घराभोवतीचे सारे. शेत गेले, गावठाण उरले. ‘परात्मता’ हा शब्द आपण चाळीतल्या चाकरमान्यासाठी राखून ठेवला, हे मला फार घाईचे वाटते.

इथल्या ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. (पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांचे हे नाव!) गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सांगण्याची ती धडपड होती. नाव इंग्रजी झाले तरी घरातली बोली मराठीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतात, तेव्हाची गाणी मराठी असतात. पुढे शाळा इंग्रजी झाली, प्रार्थनाही बरीचशी इंग्रजी झाली आणि बोली आजीपाशी थांबली. वसईच्या ख्रिस्ती लेखनाला निदान फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामुळे मोठे व्यासपीठ लाभले. २०२०च्या उस्मानाबाद संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साष्टीतल्या गावठाणांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

साधने नाहीत, ही सबब मला पटत नाही. राजवाड्यांनी १९२४ साली संपादित केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त या परिसरातली गावे, कुळे, वृत्ती नावानिशी येतात. आपण ती बखर गद्यशैलीसाठी शिकवतो आणि गावांच्या यादीवरून पान उलटतो. त्या यादीतल्या काही गावांवरूनच आपले विद्यार्थी रोज लोकलने जातात. २०२४पासून तर सीप्झपर्यंत भुयारी मेट्रोही आली आहे.

बोलीच्या प्रकल्पासाठी मुलांना चंदगडला, भंडाऱ्याला जरूर पाठवावे. पण त्याआधी एखाद्या रविवारी मिस्सा सुटल्यावर त्यांना मरोळच्या गल्लीत, क्रुसाजवळच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाठवून पाहावे. त्या गाण्यांच्या पुढच्या ओळी अजून तरी त्यांना येतात.