‘जमलं नाही’ हे सांगायला तरी कोणीतरी समोर या!

परवा आमच्या गावात आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. कार्यालयात फोन केला, तर साहेब मीटिंगमध्ये. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळींची प्रेसनोट पडली: तांत्रिक बिघाड, सहकार्य करावे. बिघाड कसला, पाणी कधी येणार, हे विचारायचं कोणाला? त्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं!

अशा वेळी मला निरुपमा राव आठवतात.

नव्या पोरांना नाव माहीत नसेल म्हणून सांगतो. बाई मूळच्या केरळच्या, मलप्पुरमच्या. बी.ए. बेंगळुरूला. आणि इंग्रजीतलं एम.ए. कुठून, तर आपल्या मराठवाडा विद्यापीठातून! १९७३ साली परराष्ट्र सेवेत गेल्या आणि २००१ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या पहिल्या महिला प्रवक्त्या झाल्या.

त्याच वर्षी जुलैत आग्र्याला वाजपेयी-मुशर्रफ शिखर परिषद झाली. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. मेसमधल्या टीव्हीसमोरून हललो नाही. शेवटच्या दिवशी मुशर्रफ सकाळच्या नाश्त्यालाच भारतीय संपादकांशी बोलले, ते टीव्हीवर दिसलं आणि त्यांची बाजू घराघरांत पोचली. आपली बाजू मागं पडली ती पडलीच. रात्री उशिरा बोलणी फिसकटली, तेव्हा निवेदन घेऊन राव पुढं आल्या. प्रक्रिया सुरू झाली आहे, पण संयुक्त निवेदनापर्यंत पोचता आलं नाही, याचं वाईट वाटतं. बस, एवढंच. पण अपयश होतं ते त्यांनी यश म्हणून विकलं नाही.

आता कोणी म्हणेल, भाऊ, प्रवक्ता सरकारचाच माणूस, तो काय सगळं खरं सांगणार? मान्य. बंद दाराआड काय बिनसलं, ते पुढं मुशर्रफ आणि अडवाणी दोघांनीही आपापल्या आत्मचरित्रात आपापल्या सोयीनं लिहिलं. प्रवक्त्यानं सगळं सांगावं असं माझं म्हणणंच नाही. थोडं सांगा, पण समोर येऊन सांगा.

आणि समोर आल्यानं बाईंचं काही बिघडलं नाही. श्रीलंकेत उच्चायुक्त, चीनमधल्या भारताच्या पहिल्या महिला राजदूत, २००९ ते २०११ परराष्ट्र सचिव, नंतर अमेरिकेत राजदूत. २०११ मध्ये लिबियातून हजारो भारतीयांना बाहेर काढायचं होतं, तेव्हा देशाच्या परराष्ट्र सचिव ट्विटरवर लोकांना माहिती देत होत्या. निवृत्तीनंतर भारत, तिबेट आणि चीनच्या १९४९ ते १९६२ या अवघड काळावर ‘द फ्रॅक्चर्ड हिमालय’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं.

देशाच्या परराष्ट्र सचिवाला लोकांना उत्तर द्यायला वेळ मिळतो आणि आमच्या नळाच्या साहेबांना मिळत नाही, हे काही पटत नाही राव!

पण खरं सांगू, चूक आमचीही आहे. ती दोन ओळींची प्रेसनोट मी जशीच्या तशी छापली. प्रश्न न विचारताच बातमी मिळायला लागली की प्रश्न विचारायची सवयच मोडते.

म्हणून साधी मागणी आहे. प्रत्येक कार्यालयानं आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, नाव-हुद्द्यासकट एक अधिकारी पत्रकारांसमोर बसवावा. ‘अजून माहिती नाही’ म्हणाला तरी चालेल. आम्ही ते छापू. आणि पुढच्या आठवड्यात परत विचारू.

पटतंय का? नसेल पटत तर तेही बिनधास्त लिहा.