पिसं झडली म्हणून कोंबडी विकू नका
दिवाळीच्या पुढंमागं दिवस लहान होतो आन खुराड्यात पिसांचा सडा पडतो. अंडी बंद. लगेच घरात सुरू, "म्हातारी झाली, द्या खाटकाला." व्यापारी बी याच दिवसांत फिरतो, पडत्या भावात नेतो.

माझं मत, ही घाई नको. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच. नवी पिसं आणि अंडं दोन्ही एकदम नाय जमत तिला. आधी मान, मग अंग, शेवटी पंख-शेपूट, असे दोन-तीन महिने जातात. तुरा आक्रसतो, फिका पडतो. पण खाते, उकरते ती आजारी नाही. मान वाकडी झाली, हिरवी हगवण लागली तर मात्र मानमोडीचा संशय धरा, वेगळी करा.

अजून एक. जी उशिरा आणि भराभर पिसं गाळते ती बहुधा अंड्याला चांगली असते. नेमकी तीच उघडीबोडकी दिसते, म्हणून आपण आधी विकतो! काढायचीच तर श्रावणापासून रेंगाळत गाळणारी काढा.

सध्या शेंगदाणा पेंड, सुकटीचा भुगा, वाळवी, मिळंल ते द्या. नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं, पोरांना धरू देऊ नका. तुरा लाल व्हायला लागला की शिंपल्याचा चुरा ठेवा.