किल्ली कुणाकडे, बॉस?

शाळेत 'च'ची भाषा बोलायचात की नाही? पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'पगार'चा होतो 'चगारप'! पण शेजारच्या पोराला फंडा कळला, की खेळ खल्लास. कारण सगळं गुपित त्या एका नियमातच.

इंजिनीअरिंगची मुलं हेच परीक्षेसाठी शिकतात. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंग अभ्यासक्रमात सहाव्या सेमिस्टरला 'क्रिप्टोग्राफी अँड सिस्टीम सिक्युरिटी' हा पेपर आला आणि आपल्या वर्सोव्याच्या राजीव गांधी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या मुलांच्याही वाट्याला गेला. नावाला घाबरू नका. सुरुवात होते सीझर, प्लेफेअर अशा जुन्या सायफरपासून, म्हणजे 'च'च्या भाषेच्या चुलत भावंडांपासून. मग येतात डीईएस, एईएस, आरएसए.

यातला मला सगळ्यात भारी वाटतो तो १८८३ मधला नियम. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाचे भाषेचे प्राध्यापक सांगून गेले, की पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली मात्र त्याच्या हाती पडता कामा नये. म्हणूनच एईएसची पद्धत २००१ पासून जगजाहीर आहे. या, वाचा, तोडून दाखवा! आधीच्या डीईएसची किल्ली होती ५६ बिटांची. १९९८ मध्ये एका मशिनने एकेक किल्ली लावून बघत ती ५६ तासांत शोधून काढली. एईएसची किल्ली किमान १२८ बिटांची आणि एक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट. करा हिशोब!

म्हणजे आपण एकदम सेफ? थांबा. सकाळच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत जरा कान उघडे ठेवा. कुणीतरी हमखास फोनवर खणखणीत आवाजात ओटीपी वाचून दाखवत असतं. गणिताशी झुंजायला चोराला वेळ कुठाय? तो सरळ फोन करतो, 'सर, तुमचं केवायसी संपतंय' म्हणतो आणि किल्ली मागून घेतो. वर आपणच त्याला 'थँक यू' म्हणतो!

म्हणून हा विषय फक्त इंजिनीअरांचा नाही. उद्या ऑफिसात एकच प्रश्न विचारून बघा: इथली किल्ली कुठली आणि ती कुणाकुणाकडे आहे? वायफायचा पासवर्ड फळ्यावर, साहेबांचा पासवर्ड तिघांना पाठ... यादी वाढतच जाईल.

आणि हो, बँकेच्या माणसाला फोनवर तुमचा ओटीपी कधीच लागत नाही. मागतो तो चोर. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० लावा.