सिकलसेलचा धडा शिकवणारा मास्तर कसा घडतो?

कुही : नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. त्यात सिकलसेल येतो. पुण्या-मुंबईच्या शाळेत तो परीक्षेपुरता. कुही, उमरेड, भिवापूरच्या वर्गात मात्र समोरच्या बाकावरच एखादं पोरगं 'एएस' असू शकतं, एखादीचा भाऊ 'एसएस' असू शकतो. विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे, पण बोलत कुणी नाही. कारण एकच, सोयरीक मोडायची भीती.

'सांगा, कोणाच्या घरी आहे?' असं मास्तरनं भर वर्गात विचारलं, तर धडा छान रंगेल. पण हात वर करणाऱ्या पोरीचं काय? ही गोष्ट जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही. ती बीएडमध्ये शिकायची असते.

2015 पासून बीएड दोन वर्षांचं आहे, त्यात 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. फलकलेखन, तक्ते, प्रश्न विचारणं यांचा सराव तिथे होतो. मुलाची खासगी गोष्ट कशी जपायची, याचा सरावही त्याच 20 आठवड्यांत व्हायला पाहिजे. मूल्यशिक्षण म्हणून वेगळा पेपर लिहून तो येत नाही.

नुसतं गप्प राहणंही चालत नाही. आईबाप दोघंही एएस असले, तर दर बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढचे तीन चांगले, असा हिशेब चुकीचा आहे. लग्नाआधी रक्त तपासा, हे मास्तरनं स्पष्ट सांगायलाच हवं. एएस माणूस सहसा धडधाकट असतो, हेही. आणि 'हा अमक्या जातीचा रोग' असं कुणी म्हणालं, तर उत्तर विज्ञानातच आहे : जिथे हिवताप जास्त, तिथे एएस असणारे जास्त तगले, म्हणून हा गुण टिकला. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाल्यानं तो काही समाजांत जास्त दिसतो, एवढंच.

दोष फक्त आईला देणाऱ्या घरांसाठीही याच धड्यात उत्तर आहे. एसएस मुलाला एक जनुक बापाकडूनही आलेलं असतं.

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै 2023 मध्ये सुरू झाली, उद्दिष्ट 2047 चं. तपासणी आरोग्य खातं करेल. पण कार्ड हातात आल्यावर त्याचा अर्थ विचारायला गावातलं पोरगं आधी विज्ञानाच्या सरांकडेच जाईल.